धुळ्याहून येणारं पुडकं

९ जानेवारी १९९६, मंगळवार

लाईन तुटली! मुक्ता लिहीत होती — 'आई मला एक' — आणि पुढे नुसता कचरा. चौकोन, टिंबं, कुठल्या कुठे अक्षरं. मग काहीच नाही. मला एक काय? एक वस्तू हवी? एक गोष्ट सांगायचीय? पुन्हा फोन लावेल म्हणून मशीनसमोर बसून राहिले. घंटी वाजली, पण तो रावेरचा केळीवाला होता, भाव बघायला. बसला लाईन अडवून.

आता शुक्रवारपर्यंत थांबायचं.

११ जानेवारी

मोतीलालभाऊ आज एका नव्या गिऱ्हाइकाला बोर्ड समजावून सांगत होते. मागच्या खोलीतलं मशीन दिवसभर चालू का ठेवता, असं त्यानं विचारलं होतं. भाऊ म्हणाले, 'हा आपला पार समजा. घरच्या कॉम्प्युटरवरून इथं फोन लावायचा. लोकांच्या चिठ्ठ्या वाचायच्या, आपली टाकायची, उठायचं. फक्त पारावर एका वेळी एकच माणूस बसू शकतो.' मग माझ्याकडे बघून — 'आणि काही काही जण बसले की उठतच नाहीत!'

हसत म्हणाले. पण मला लागलं. दुकान त्यांचं, मशीन त्यांचं, फोन त्यांचा. मी इथे व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचे प्रोग्रॅम लिहिते, तो माझा पगार. बोर्ड सांभाळते ते हौसेनं.

हौसेनं! मुक्ता येते म्हणून सांभाळते.

१२ जानेवारी, शुक्रवार

विचारलं. 'मला एक' म्हणजे काय गं?

उत्तर आलं — 'आठवत नाही. जाऊ दे.'

जाऊ दे. तेरा वर्षांची पोर मला जाऊ दे म्हणते. तीन दिवस मी त्या दोन शब्दांवर जगले आणि तिला आठवतसुद्धा नाही.

मग शाळेचं बोललो. ती एक ओळ टाइप करते, मग मी एक. इंग्रजी अक्षरांत मराठी. तिची अक्षरं एकेक करून उमटतात — चुकली की मागे जाते, पुसते, पुन्हा लिहिते. ते पुसणंसुद्धा मला दिसतं. ती विचार करते ते दिसतं. मला तेवढं पुरतं.

फोनवर ती बोलत नाही. घरचा फोन बैठकीत, तिथे आजी. बन्सीलालभाऊंच्या कॉम्प्युटर क्लासमधला फोन टेबलावर, सगळी पोरं ऐकतात. टाइप केलेलं कोणाला ऐकू येत नाही. म्हणून मंगळवारी नि शुक्रवारी शाळा सुटली की ती त्या क्लासला जाते आणि तिथून आमच्या बोर्डाला जोडते. धुळ्यातून जळगावला. बन्सीलालभाऊ आमचे जुने मेंबर, त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

१३ जानेवारी

आज म्हटलं. सकाळी दुकानात बन्सीलालभाऊंचा फोन आला.

'प्रमिलाताई, राग नका मानू. पोरगी गुणी आहे. तुमचं मला समजतं. पण एसटीडीचं बिल आलं, ते बायकोनं देवापुढे ठेवलं नि मला म्हणाली, आता तुम्हीच आरती करा!'

मी हसले. ते हसले.

'बंद करा म्हणत नाही मी,' ते म्हणाले. 'काहीतरी मार्ग काढा.'

१६ जानेवारी, मंगळवार

मुक्ताला सांगितलं की फार वेळ बसता यायचं नाही. तिनं काही अक्षरं लिहिली, पुसली. मग — 'म्हणजे आता बोलायचं नाही?'

मी लिहिलं, मार्ग काढते. आईवर विश्वास ठेव.

त्यावर उत्तर नाही आलं. लाईन तुटली नव्हती. ती बसली होती तिकडे, मी इकडे.

१८ जानेवारी

मार्ग सापडला! दीपनगरच्या वीज केंद्रातले एक मेंबर फ्लॉपी घेऊन आले. बोर्डाला जोडायचा प्रोग्रॅम — ऑफलाइन मेल. म्हणाले, पुण्याच्या बोर्डांवर सगळे हेच वापरतात. युक्ती साधी आहे. फोन लागला की तो प्रोग्रॅम त्या माणसाचं सगळं नवं टपाल गोळा करतो, दाबून लहानसं पुडकं करतो, पाठवून देतो. फोन बंद. माणसानं आपल्या मशीनवर निवांत वाचायचं, हव्या तेवढ्या लांब उत्तरांचं पुडकं करून ठेवायचं. पुढच्या फोनला ते इकडे द्यायचं, नवं घ्यायचं. दोन मिनिटांचं काम. बिल नाही, एंगेज टोन नाही.

मोतीलालभाऊ तर नाचायचेच राहिले. 'असं होतं तर आधी का नाही लावलं?'

२० जानेवारी

लागत नाही. बोर्डावरून त्या प्रोग्रॅमात शिरलं की मशीन थिजतं. कर्सर लुकलुकतो नि काही नाही. बंद करून चालू करायचं, पुन्हा तेच. माहितीपत्रक इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि लिहिणाऱ्यानं समजून चाललंय की वाचणाऱ्याला सगळं येतं.

२३ जानेवारी, मंगळवार

थिजणं गेलं. मोडेम सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम आधी चालवावा लागतो, तो मी नंतर चालवत होते. आता पुडकं बांधतं. पण आत काही नाही! नुसतं वेष्टण. बोर्डाचं टपाल कुठल्या डिरेक्टरीत आहे ते मी त्याला चुकीचं सांगितलं होतं, दुकानाच्या हिशोबाची जागा दिली होती. बरं झालं पुडकं रिकामं निघालं, नाहीतर केळीवाल्यांना भाऊंचा जमाखर्च गेला असता!

मुक्ता दहाच मिनिटं होती. बन्सीलालभाऊ घड्याळ बघत असणार. तिनं विचारलं, झालं का गं? म्हटलं, होतंय. म्हणाली, लवकर कर.

तिला हवंय. तिला हवंय हे!

२६ जानेवारी

सुट्टी. दुकान बंद. भाऊंकडून किल्ली घेतली आणि झेंडावंदनाची भाषणं लाउडस्पीकरवर चालू असताना मागच्या खोलीत बसले. वीज दोनदा गेली. दुपारी चाचणीचं टपाल टाकलं — मीच मला — आणि पुडकं दुसऱ्या मशीनवर उघडलं. दिसलं! 'प्रमिला, जेवलीस का?' मीच लिहिलेलं. तरी वाचून बरं वाटलं. असं कोणी विचारलं नव्हतं बरेच दिवस.

नव्हते जेवले.

३० जानेवारी, मंगळवार

बन्सीलालभाऊंनी तिकडे वाचायचा प्रोग्रॅम बसवला. आमचं पुडकं त्यांना मिळतं, उघडतं. त्यांचं उत्तराचं पुडकं मात्र आमचा बोर्ड घेत नाही, ओळखच दाखवत नाही. दुपारभर दोघं डोकं धरून बसलो. शेवटी कळलं — बोर्डाचं नाव दोन्हीकडे अक्षरनअक्षर एक लागतं. मी खान्देश लिहिलंय, त्यांनी इंग्रजीत एक एच खाल्लेला. कांदेश!

मुक्ता तिथेच होती म्हणे. खूप हसली म्हणे. 'एवढी हसताना मी तिला पाहिलीच नव्हती, ताई.'

मी तर कितीतरी वर्षांत ऐकलंही नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

चाललं. चाललं!

चार वाजून गेल्यावर घंटी. मोडेमची शिट्टी. स्क्रीनच्या वरच्या ओळीत तिचं नाव. मी बोटं कळांवर ठेवून तयार. आकडे सरकले, पुडकं गेलं, पुडकं आलं. नाव गेलं.

एवढंच. मी 'ये गं' लिहायच्या आत ती निघून गेली होती.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस खपले, वायरी, डिरेक्टऱ्या, एच — आणि ज्या गोष्टीसाठी खपले तीच त्यात नाही. ती आता लाईनवर नसणार. अक्षरं उमटताना दिसणार नाहीत. पुसताना तर नाहीच. जे येईल ते धुतलेलं, वाळवलेलं, घडी घातलेलं.

तरी उघडलं. आणि काय सांगू! लांबच्या लांब. तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला कविता म्हणायला उभं केलं ते. आजीच्या गुडघ्यांचं. शेजारच्या मांजरीनं त्यांच्या गव्हाच्या कोठीमागे पिल्लं घातली, एकाचा डोळा उघडत नाही, ती त्याला कोमट पाण्यानं पुसते. 'तू म्हणायचीस ना घाई करायची नाही, तसं हळू पुसते.'

मी कधी म्हटलं होतं? आठवत नाही. तिला आठवतं.

४ फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार. कोर्टानं दिलेला माझा दिवस. एरंडोल, पारोळा, धुळे. पिशवीत मेहरूणची बोरं.

सासूबाईंनी — आता त्यांना काय म्हणायचं मला अजून कळत नाही — द्रौपदाबाईंनी दार उघडलं. 'उनी का व माय? बस.' वाईट नाहीत त्या. कधीच नव्हत्या. लसूण सोलत आमच्या मधोमध बसतात, एवढंच. मुक्ताचे पप्पा, गुलाबराव, नेहमीप्रमाणे बाहेर निघून गेले.

मुक्ता समोर. उंच झालीय. मी विचारलं, पिल्लाचा डोळा उघडला का? तिनं आजीकडे पाहिलं. 'हो.' कविता म्हटलीस का? 'हो.' बोरं आवडली? 'हो.'

शुक्रवारी जिनं मला एवढं लिहिलं ती हीच का? कागदावरची — कागद तरी कुठे, काचेवरची — बडबडी, आणि ही पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरणारी.

'इतली दूरथीन उनी तुनी माय, बोल ना काही,' द्रौपदाबाई म्हणाल्या.

ती बोरं मोजत बसली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

गाढवपणा केला. तिचं नाव स्क्रीनवर आलं, आकडे सरकायला लागले आणि मला राहवलं नाही. मधेच बोलायची कळ दाबली. 'मुक्ता, आई' एवढं लिहिलं असेल. पुडकं फुटलं, लाईन गेली. दुसऱ्यांदा जोडावं लागलं तिला.

मंगळवारच्या पुडक्यात बोलणी खाईन.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

खाल्ली. 'आई असं नको करूस. अर्धं टपाल गेलं. बन्सीलालकाका बघत होते.' आणि खाली — 'पण मला कळलं तूच होतीस.'

१७ फेब्रुवारी

बोर्डावर सगळे खूश. धुळे, चाळीसगाव, भुसावळ — भराभर जोडतात, पुडकं घेतात, जातात. लाईन मोकळी. भाऊ म्हणतात, 'ताई, तुम्ही बठ्ठ्यांचं भलं केलं!' पहूरच्या एका मास्तरांनी जाहीर आभार मानले.

मागच्या खोलीत आता शांत असतं. पूर्वी कोणी ना कोणी बसलेलं असायचं पारावर.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आजच्या पुडक्यात मुक्तानं लिहिलंय की मोठेपणी तिला दोन घरं हवीत. एक धुळ्यात, एक जळगावात. 'म्हणजे कोणाला वाईट नको वाटायला.'

दिवसभर ते वाक्य डोक्यात. तेरा वर्षांच्या पोरीनं कोणाला वाईट वाटू नये म्हणून घरं बांधायची?

एक प्रश्न आहे. चार वर्षं झाली, तो मी कोणाला विचारलेला नाही. धुळ्याच्या कोर्टात जज्जसाहेबांनी मुक्ताला आत बोलावून विचारलं होतं, बेटा, कोणाकडे राहायचंय? नऊ वर्षांची होती. दारातून बाहेर आली आणि सरळ पप्पांच्या बाकाकडे चालत गेली. मला वाटलं चुकली. वाटलं, वळेल.

त्याआधी तिला मी न्हाऊ घालत होते, मी झोपवत होते, तापात रात्री मी बसत होते. नोकरी सोडून धुळ्याला ये, एवढंच काय ते गुलाबरावांचं म्हणणं, आणि सोडणार नाही हे माझं. भांडणं आमची होती. तिच्याशी मी कधी भांडले? का गेली ती?

गप्पा चालायच्या तेव्हा हे विचारता येत नव्हतं. एकेका ओळीत कसं विचारणार? आता वेळच वेळ आहे. लिहा, पुसा, लिहा.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिलं. पुसलं. लिहिलं. शेवटी राहिलं ते असं —

'मुक्ता, रागावून विचारत नाही. त्या दिवशी कोर्टात तू पप्पांचं नाव का घेतलंस? मला फक्त कळायला हवंय.'

बोर्डावर टाकलं. उद्या चारपर्यंत ते इथेच पडून आहे. बोर्ड मी सांभाळते, एक कळ दाबली की पुसता येईल.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून तीनदा त्या टपालावर जाऊन बसले. पुसू का? भाऊंनी विचारलं, 'ताई, बरं नाही का?'

चारला घंटी. नाव आलं. आकडे सरकले. गेलं.

माझ्या टपालापुढे खूण उमटली — पोचलं.

आता काही करता यायचं नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आली नाही.

बन्सीलालभाऊंचं पुडकं आलं, गेलं. तिचं नाव नाही.

१ मार्च, शुक्रवार

नाही.

नक्की प्रोग्रॅमची गडबड आहे. उत्तराचं पुडकं मोठं झालं असेल, बोर्डानं नाकारलं असेल. मला एकदम हलकं वाटलं — अरे, चूक आहे कुठेतरी! तो अख्खा जोडप्रोग्रॅम काढून टाकला. फ्लॉपीवरून पुन्हा बसवला. प्रत्येक डिरेक्टरी तपासली. मोठ्यात मोठं पुडकं करून चाचणी घेतली. चूक सापडावी म्हणून मी देव पाण्यात घातले होते.

सापडली नाही. उत्तम चालतोय. मी बसवलेलं इतकं चोख काम आजवर दुसरं नसेल.

२ मार्च

मीच बन्सीलालभाऊंना फोन केला. ते आढेवेढे घ्यायला लागले. मी म्हटलं, भाऊ, सांगा.

'शुक्रवारी ती आली होती ताई. ते मागच्या शुक्रवारी. तुमचं टपाल उघडलं. मी काही वाचलं नाही हां, शपथ. पण बराच वेळ ती हललीच नाही. मी म्हटलं, काय गं, अडलं का काही? तर तिनं मशीन बंद केलं. दप्तर घेतलं. म्हणाली, काका, मला आता नको हे. त्यानंतर क्लासला नाही आली.'

मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!

चार वर्षं बंद दाराबाहेर बसले होते. एक फट पडली. मी तीत पाय घातला.

३ मार्च, रविवार

गेले धुळ्याला. न जाऊन कसं चालेल?

'पोर घर नही शे. शिंदखेडाले गयी, आत्याकडे.' द्रौपदाबाईंनी लसूण बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसल्या. 'काय झाये व? पोर नीट भाकर खास नही, बोलस नही.' त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लसणाचा वास. मी उठलेच.

गुलाबराव स्टँडपर्यंत सोबत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

'काय लिहिलंस तिला?' त्यांनी विचारलं.

'तिनं सांगितलं तुम्हाला?'

'ती कुठलं सांगतेय. पण क्लास सोडला म्हणजे तिथलंच काहीतरी.'

मी सांगितलं. जसंच्या तसं. ते चालायचे थांबले. मला वाटलं, आता ओरडणार. पूर्वी ओरडायचे.

'मीसुद्धा नाही विचारलं कधी,' म्हणाले. 'मी त्या दिवशी तिच्याशिवाय राहायची तयारी करून आलो होतो, प्रमिला. तिचे कपडेसुद्धा आईनं पिशवीत भरून ठेवले होते, तुझ्याकडे द्यायला. ती माझ्याकडे चालत आली तेव्हा मलाच कळेना काय झालं.'

'मग का?'

'मला भीती वाटते विचारायची. तू विचारलंस. तुझी नेहमी हिंमत जास्त.'

टोमणा नव्हता तो. गाडी लागली. खिडकीतून पाहिलं तर ते अजून तिथेच उभे होते, उसाच्या गाड्याजवळ, हात मागे बांधून. हाच माणूस का तो ज्याच्याशी मी ताटवाटीवरून भांडायचे?

पारोळ्यापर्यंत मी चांगली होते. मग नाही.

५ मार्च

धुळवड. दुकान बंद. घरीच. शेजारच्या पोरांनी दार वाजवलं, उघडलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

चार. घंटी. चाळीसगाव.

पुन्हा घंटी. पहूर.

१० मार्च

तिला टपाल लिहायला बसले. काय लिहू? 'तो प्रश्न विसर'? असा विसरतो का कोणी! 'उत्तर नको'? पण हवंय. 'आईचं चुकलं'? काय चुकलं, विचारलं ते की चार वर्षं विचारलं नाही ते?

एवढंच टाकलं — 'मुक्ता, पिल्लू कसं आहे?'

कोण वाचणार? न उचललेलं टपाल तिच्या नावावर साचत राहील.

१२ मार्च, मंगळवार

खूण नाही. पडून आहे.

भाऊ मागच्या खोलीत आले, काहीतरी शोधायचं निमित्त करून. स्टूल ओढून बसले. 'ताई, एक सुचवू? तुम्हाला त्या खुर्चीत बसवत नसेल तर बोर्ड मी बघतो काही दिवस. माझी धाकटी शिकेल.' मग हळूच, 'पोरं परत येतात हो. माझी मोठी दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती.'

'मग?'

'मग बोलली एक दिवस. मीठ दे म्हणाली.'

मला हसू आलं आणि ते हसू कुठच्या कुठे गेलं. भाऊ उठून पुढे गेले, दुकानात, आणि गिऱ्हाइकाशी उगाच मोठ्यानं बोलायला लागले. माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. देवमाणूस.

नाही म्हटलं त्यांना. खुर्ची सोडणार नाही.

१५ मार्च, शुक्रवार

घंटी. मोडेमनं उचललं, शिट्टी घातली, समोरून काही नाही. तुटलं. पुन्हा घंटी, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भाऊ पुढून ओरडले, 'ताई, मशीन नाही ते, माणूस आहे!' मी मोडेमची वायर उपटली, दुकानातला जुना फोन ओढून लावला, उचलला.

मागे वर्गाचा गलका. आणि तिचा आवाज. एका दमात, पाठ करून आल्यासारखा.

'आई, तू नि पप्पा बाहेर बाकांवर होतात. पप्पा रडत होते. तू नव्हतीस रडत. मला वाटलं, तुला चालेल.'

वकीलबाईंनी बजावलं होतं, कोर्टात रडू नका, बाई खंबीर दिसली पाहिजे. मी ओठ चावून रक्त काढलं होतं. तिला हे सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही, नुसता हंबरडा. दुकानात, सगळ्यांसमोर. थांबेचना.

तिकडे गलका हळूहळू बंद झाला. सगळी पोरं ऐकत असणार.

'रड तू,' मुक्ता म्हणाली. 'मी ठेवत नाही फोन.'